लिनक्सला एनएक्स दिसते, आमच्या कर्नलला नाही. सहापैकी दोनच पीसी रीसेट होऊन राहिले

कोरीपाटी | सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. नागपूरलाच आहो, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, चौघांचा प्रोजेक्ट. एक छोटं ६४-बिट कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहून राहिलो आहे. ग्रबने (पीसी सुरू होताना कर्नल चढवणारा प्रोग्राम) ३२-बिट मोडमध्ये सोडलं की आम्ही पेज टेबल (मेमरीच्या पानांचा नकाशा) मांडतो, सीआर४ या कंट्रोल रजिस्टरमध्ये पीएई लावतो, सीआर३ मध्ये त्या टेबलाचा पत्ता भरतो, मग ईफर रजिस्टरमध्ये लाँग मोड (६४-बिट) आणि एनएक्सई (एनएक्स, म्हणजे डेटाच्या पानावरून कोड चालू न देणारी सोय, चालू करणारा) हे दोन्ही बिट एकाच दमात लावतो, आणि शेवटी पेजिंग चालू. क्यूईएमयूवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या नकली पीसीवर, कितीदा चालवलं त्याचा हिशोब नाही, एकदाही अडलं नाही.

कॉलेजच्या लॅबमध्ये सहा पीसी मिळाले. एकाच खेपेत घेतलेले, तिसऱ्या पिढीचे आय३. चार पीसींवर एकदम मक्खन. दोन पीसींवर पडद्यावर १, २, ३ छापून येते आणि फट्कन रीसेट. पुन्हा ग्रब, पुन्हा १, २, ३, पुन्हा रीसेट. ३ म्हणजे सीआर३ भरून झाला. ४ छापायचं ते ईफर लिहिल्यावर, तिथपर्यंत जातच नाही.

त्याच दोन पीसींवर पेनड्राइव्हवरून लिनक्स चढवलं. सीपीयूच्या फ्लॅगांच्या यादीत एनएक्स दिसते. म्हणजे प्रोसेसरमध्ये सोय आहे. मंग आमच्याच कर्नलशी काय दुश्मनी? पुढच्या सोमवारी बाहेरचे परीक्षक येऊन राहिले.

तर्री_जास्त | सोमवार, रात्री ११:३१

रॅम काढ, खोडरबरानं घास, परत लाव. आमच्या घरी कूलर बंद पडला तरी बाबा पहिले रॅमच घासायले सांगते.

कोरीपाटी | सोमवार, रात्री ११:३८

घासली भाऊ. दोन पीसींच्या रॅमची चांगल्या पीसींसोबत अदलाबदलही केली. बिमारी पीसीसोबतच राहते, रॅमसोबत जात नाही.

हिंगणा_टी_पॉइंट | मंगळवार, सकाळी ८:०५

ड्युटीवर निघायच्या आधी लिहून ठेवतो. फट्कन रीसेट म्हणजे ट्रिपल फॉल्ट. प्रोसेसरला तुम्ही न मानवणारी गोष्ट करायला लावली, त्याने जनरल प्रोटेक्शन फॉल्ट उचलला, हँडलर शोधायला आयडीटीत (कोणत्या फॉल्टला कोणता कोड, याची यादी) गेला. तुमची आयडीटी अजून मांडलेलीच नाही, म्हणून डबल फॉल्ट. त्याचाही हँडलर नाही, म्हणून तिसरा. तिसऱ्यावर प्रोसेसर हात टेकतो आणि मदरबोर्ड त्याला रीसेट करतो. म्हणजे रोग ईफरच्या त्या एका लिखाणात आहे. बाकी कोड उकरू नका.

एमएसआरमध्ये (प्रोसेसरच्या सेटिंगांची रजिस्टरं, ईफर त्यातलंच एक) किंवा सीआर४ मध्ये राखीव बिटाला १ लिहिला की जनरल प्रोटेक्शन ठरलेला. आणि ‘राखीव’ कशाला म्हणायचं ते प्रोसेसरगणिक बदलते. एनएक्सई हा ईफरचा ११ क्रमांकाचा बिट. ज्या प्रोसेसरला एनएक्स नाही त्याच्या लेखी तो राखीव.

एक सांगा, बिट लावायच्या आधी सीपीयूआयडीला, म्हणजे प्रोसेसरमध्ये काय काय आहे ते सांगणाऱ्या इन्स्ट्रक्शनला, विचारलं का?

कोरीपाटी | मंगळवार, सकाळी ८:४०

नाही विचारलं. लाँग मोडसाठी विचारतो. एनएक्ससाठी नाही, कारण ६४-बिट प्रोसेसर आहे म्हणजे एनएक्स असणारच असं धरलं. आणि लिनक्स दाखवूनच राहिलं ना.

माहेर_धंतोली | मंगळवार, दुपारी १:१५

लिनक्स काय दाखवतं ते बाजूला ठेव. तुझ्याच कर्नलमधून, ईफरला हात लावायच्या आधी, सीपीयूआयडीच्या उत्तरांच्या ८००००००१ या पानाचा (हे मेमरीचं पान नव्हे) ईडीएक्स रजिस्टर पडद्यावर छाप. त्यातला २० क्रमांकाचा बिट सहाही पीसींवर बघ आणि इथे लिही. मला अंदाज आहे, पण आधी तू बघ.

कोरीपाटी | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

ताई, चार पीसींवर १. त्या दोन पीसींवर ०!!

लगेच लिनक्स लावून पाहिलं, तिथे एनएक्स आहे. परत आमचं कर्नल, परत ०. एकच पीसी, एकच प्रोसेसर, पाच मिनिटांचं अंतर. डोकं फिरून राहिलं आता.

माहेर_धंतोली | मंगळवार, रात्री १०:१०

हेच वाटलं होतं. पहिल्या नोकरीत याच बिटाने माझे तीन दिवस खाल्ले होते, म्हणून वास आला.

इंटेलच्या प्रोसेसरमध्ये १ए० क्रमांकाचा एक एमएसआर आहे, मिसलेनियस एनेबल नावाचा. त्याचा ३४ क्रमांकाचा बिट उलट्या अर्थाचा आहे: तो १ असला की एनएक्स बंद. नुसतं बंद नाही, सीपीयूआयडीच्या यादीतूनही नाव गळतं. बायोसच्या सीपीयूच्या पानावर ‘एक्झिक्यूट डिसेबल बिट’ अशी ओळ असते, ती कुणीतरी ‘डिसेबल्ड’ केली की बायोस हा बिट लावून ठेवतो. तुमच्या दोन पीसींवर कधीतरी कुणाचा तरी हात फिरला असणार.

आता लिनक्सची गंमत. लिनक्स सुरू होताना अगदी पहिल्या टप्प्यात, असेंब्लीत, प्रोसेसर इंटेलचा आहे का ते बघतं, कुळ आणि मॉडेल बघतं, आणि तो ३४ वा बिट गुपचूप शून्य करतं. त्यानंतर सीपीयूआयडीला विचारलं की एनएक्स ‘आहे’. बूटच्या नोंदींत नुसतं एनएक्स चालू असल्याचं येतं. बायोसने बंद ठेवलं होतं आणि आम्ही उघडलं, याची चर्चा नाही. म्हणून तू जे पाहत होतास ते लिनक्सने घर आवरून घेतल्यानंतरचं चित्र होतं. तुझं कर्नल मात्र न आवरलेल्या घरात शिरतंय.

करायचं ते याच क्रमाने कर:

आधी सीपीयूआयडीच्या शून्य पानावरून कंपनीचं नाव वाच. इंटेल असेल तरच पुढे.
मग १ए० वाच, ३४ वा बिट लागलेला असेल तर काढ आणि परत लिही.
त्यानंतर ८००००००१ पान नव्याने विचार. आधीचं उत्तर साठवून ठेवलं असशील तर ते शिळं झालं.
एनएक्स १ आला तरच ईफरमध्ये एनएक्सई. नाही आला तर पेज टेबलात ६३ वा बिट कुठेही लावू नकोस.

शेवटची ओळ विसरू नकोस. एनएक्सई बंद असताना पेज टेबलात ६३ वा बिट लावलास तर तो राखीव बिट ठरतो आणि मेमरीच्या त्या पानाला हात लागताच पेज फॉल्ट येतो. एरर कोडमध्ये ३ क्रमांकाचा बिट १ दिसला की समजायचं, हेच झालं.

कूलरची_टाकी | मंगळवार, रात्री १०:४२

कंपनीचं नाव वाच म्हटलं ते खरोखर वाच. मी एएमडीच्या लॅपटॉपवर न बघता १ए० वाचला होता. तिथे तो एमएसआरच नाही, नुसतं वाचलं तरी जनरल प्रोटेक्शन. एक ट्रिपल फॉल्ट बुजवायले गेलो अन् दुसरा खणला.

पेठेतला | बुधवार, सकाळी ९:००

तांत्रिक माहिती उत्तम, पण तत्त्व म्हणून मला पटत नाही. यंत्राच्या मालकाने बायोसमध्ये एखादी सोय बंद ठेवली असेल तर कर्नलने ती परस्पर का उघडावी? सीपीयूआयडी शून्य म्हणतंय, तर ‘नाही’ समजून एनएक्सशिवाय पुढे जावं. तेच सभ्यपणाचं.

हिंगणा_टी_पॉइंट | बुधवार, सकाळी ९:४०

मालकानं केलं कशावरून? लॅबच्या पीसीत मालक कोण? तिथं तीन बॅचेसच्या पोरांनी बायोस उघडून सगळ्या ओळी एकेकदा खालीवर करून पाहिल्या असतीन.

माहेर_धंतोली | बुधवार, दुपारी १:३०

पेठेतले, तुमचा मुद्दा टाकाऊ नाही. ही ओळ बायोसमध्ये आली तेव्हा काही जुनी सॉफ्टवेअरं डेटाच्या पानावरून कोड चालवायची आणि एनएक्स लागला की मरायची, त्यांच्यासाठी ती पळवाट होती. पण एनएक्स काही ग्राहकाला मिरवायची सोय नाही, कुलूप आहे. घराचं कुलूप सापडलं तर लावावं या मताची मी. व्हर्च्युअलायझेशनची गोष्ट वेगळी. तिथे बायोस एका एमएसआरला टाळं ठोकतो, पुढच्या रीसेटपर्यंत तो कुणालाही बदलता येत नाही, आणि कर्नल ते निमूट मानतं. म्हणजे ज्याला खरंच बंद ठेवायचंय त्याच्यासाठी टाळ्याची सोय केलेली आहे. ३४ व्या बिटाला टाळं नाही, तेव्हा तो उघडायला मला संकोच वाटत नाही.

पेठेतला | बुधवार, दुपारी २:१०

टाळ्याचा युक्तिवाद मान्य. तरी पडद्यावर एक ओळ छापावी, ‘बायोसने एनएक्स बंद ठेवले होते, उघडले’ अशी. गुपचूप करू नये. लिनक्सने ते केलं असतं तर या मुलांची रॅम घासायची वेळ आली नसती.

माहेर_धंतोली | बुधवार, दुपारी २:१५

याला मात्र शंभर टक्के हो.

कोरीपाटी | बुधवार, रात्री ९:२५

चाललं!! सहाच्या सहाही पीसींवर ४ छापून आला. पेठेतले काकांची ओळही टाकली, दोन पीसींवर बरोबर दिसते. बायोस उघडून पाहिलं, खरंच ‘डिसेबल्ड’ होतं. बायोसमध्ये बदललं नाही, कोडनेच जाऊ दिलं. लॅबवाल्या सरांना सांगितलं तर म्हणाले, तुम्हीच केलं असेल. सोडा.

आता उत्साह वाढला तर स्मेप आणि स्मॅपही (कर्नलला युझरच्या पानांपासून दूर ठेवणाऱ्या प्रोसेसरच्या दोन सोयी) लावायचं ठरवलं. सीपीयूआयडीच्या ७ क्रमांकाच्या पानावर ईबीएक्समध्ये स्मेप ७ वा बिट, स्मॅप २० वा. या वेळी विचारून लावून राहिलो. पाच पीसींवर स्मेप आहे, स्मॅप कुठेच नाही. सहाव्यावर स्मेपही नाही. तो सहावा एनएक्सवाल्या दोघांपैकीच एक. लिनक्समध्ये त्याच्यावरही स्मेप दिसते. हसू नका.

तर्री_जास्त | बुधवार, रात्री ९:३०

त्या पीसीची दृष्ट काढा बाप्पा. मिरची-मोहरी लॅबमध्ये जाळू नका फक्त, फायर अलार्म वाजते.

माहेर_धंतोली | बुधवार, रात्री १०:००

हसत नाहीये, कारण हा त्याच एमएसआरचा दुसरा भाऊ. १ए० चा २२ वा बिट. बायोसमध्ये ‘लिमिट सीपीयूआयडी मॅक्सिमम’ अशी ओळ शोध. विंडोज एनटीच्या काळातल्या सिस्टिमांना सीपीयूआयडीची मोठी पानसंख्या झेपत नव्हती, म्हणून ही मर्यादा. ती लावली की शून्य पानाने सांगितलेली कमाल पानसंख्या सातच्या खूप खाली येते आणि ७ वं पान असून नसल्यासारखं. लिनक्स हाही बिट काढतं आणि कमाल संख्या पुन्हा विचारतं. तूही तसंच कर.

आणि एक. तू ७ वं पान विचारण्याआधी कमाल पान विचारलंस का? इंटेलमध्ये कमालपेक्षा मोठं पान मागितलं तर ‘नाही’ असं उत्तर येत नाही, शेवटच्या पानाचा मजकूर पुढे सरकवला जातो. त्यात योगायोगाने ७ वा बिट १ निघाला असता तर नसलेला स्मेप ‘सापडला’ असता. तुझं नशीब की शून्य आला. शिवाय ७ व्या पानाला उपपानं आहेत, विचारताना ईसीएक्स शून्य करून विचारायचं. तिथे आधीचा कचरा राहिला तर भलतंच उपपान उघडतं.

स्मॅप नाही ते बरोबरच आहे. तुमचे आय३ २०१२ च्या पिढीचे, त्यांच्यात स्मेप आलेला होता. स्मॅप त्यानंतर दोन पिढ्यांनी आला.

कोरीपाटी | गुरुवार, दुपारी ४:१०

२२ वा बिटच होता. काढल्यावर कमाल पान १३ आलं आणि स्मेप दिसला. धन्यवाद ताई.

पण स्मेप सीआर४ मध्ये लावला रे लावला की पुढच्याच इन्स्ट्रक्शनला पेज फॉल्ट. सहाही पीसींवर, या वेळी भेदभाव नाही. क्यूईएमयूवर होत नाही.

हिंगणा_टी_पॉइंट | गुरुवार, दुपारी ४:४५

पेज टेबलातल्या नोंदींचे खालचे तीन बिट काय ठेवले? ७ ना? प्रेझेंट, राइट, युझर. नेटवरचा प्रत्येक धडा ७ लिहायलाच शिकवते, कारण तेवढ्यात सगळं चालून जाते. स्मेपचं काम एकच: कर्नल मोडमध्ये असताना युझरच्या पानावरून कोड चालवायचा नाही. तुमचं सगळं कर्नलच युझरच्या पानांवर बसलेलं आहे. बिट लागला त्या क्षणी प्रोसेसरनं तुमच्या कर्नललाच घुसखोर ठरवलं.

शेवटच्या पातळीवरच्या नोंदीत कर्नलच्या पानांचा युझर बिट काढा, ७ चा ३ करा. वरच्या पातळ्यांवर राहिला तरी चालते, सगळ्या पातळ्यांवर असला तरच पान युझरचं धरलं जाते. आणि टीएलबी (पेज टेबलातल्या नोंदींची प्रोसेसरमधली आठवण) साफ करायला विसरू नका.

क्यूईएमयूवर दिसलं नाही कारण तुम्ही साधाच क्यूईएमयू६४ प्रोसेसर घेतला असणार, त्याला स्मेप-स्मॅप नसते. तुमचा कोड आता विचारून लावतो, म्हणून तिथं लावतच नाही. प्रोसेसर ‘मॅक्स’ द्या.

कोरीपाटी | गुरुवार, संध्याकाळी ५:२०

७ च होता भाऊ. 🙈 ३ केला, चाललं. ‘मॅक्स’वर आता स्मॅपही दिसून राहिला, लावू का?

माहेर_धंतोली | गुरुवार, रात्री ९:५०

लाव, पण स्मेप लावणं आणि स्मॅप लावणं यात दिवाळीची साफसफाई आणि घर बांधणं एवढा फरक आहे. स्मेपला कर्नलकडून एकदा नीट मांडलेली पानं पुरतात. स्मॅप रोज वागणूक मागतो.

स्मॅप लागला की कर्नलला युझरच्या पानावरचं वाचताही येत नाही, लिहिताही येत नाही. युझरने राइट सिस्टिम कॉलला दिलेला पत्ता तुमचं कर्नल थेट वाचत असेल तर तिथेच फॉल्ट. म्हणून युझरची मेमरी वाचणारं-लिहिणारं एकच फंक्शन ठेवायचं. त्यात शिरताना स्टॅक (STAC) ही इन्स्ट्रक्शन, निघताना क्लॅक (CLAC). या दोन्ही फ्लॅग रजिस्टरचा एसी बिट लावतात आणि काढतात, तो लागलेला असेतोवर स्मॅप डोळे मिटून घेतो. तुमच्या लॅबच्या पीसींवर मात्र या इन्स्ट्रक्शन ओळखीच्याच नाहीत, तिथे इनव्हॅलिड ऑपकोड येईल. लिनक्स सुरू होताना स्वतःच्याच कोडमध्ये हात घालून त्या जागा प्रोसेसरप्रमाणे भरतं. तुम्हाला एक साधी अट पुरेल.

आता खरी ग्यानबाची मेख. एसी हा बिट युझर प्रोग्रामलाही लावता येतो, साधं फ्लॅग रजिस्टर पॉप करून. एसी लावून तो सिस्टिम कॉल करतो आणि तुमचं कर्नल स्मॅप मिटलेल्या अवस्थेतच कामाला लागतं. सिस्टिम कॉलसाठी सी००००००८४ या एमएसआरच्या मास्कमध्ये एसीचा १८ वा बिट टाका, म्हणजे आत शिरतानाच तो पुसला जातो. इंटरप्टला असा मास्क नसतो, इंटरप्ट गेट एसीला हात लावत नाही. म्हणून प्रत्येक इंटरप्टच्या दारातच क्लॅक. यातलं एक दार विसरलात तरी सीआर४ मध्ये स्मॅप चालू दिसेल, आणि संरक्षण शून्य.

रिस्क_घेतो | गुरुवार, रात्री १०:३०

म्हणूनच म्हणतो रिस्क-फाइव्ह या दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर या. तिथं हे जन्मापासून उलट आहे. एसस्टेटस रजिस्टरचा ‘सम’ बिट शून्य असला की कर्नलला युझरचं पान दिसतच नाही, पाहिजे तेव्हाच तो लावायचा. कर्नल मोडमध्ये युझर पानावरून कोड चालवणं तर कधीच शक्य नाही, त्याला वेगळा बिटही नाही. दशांशाच्या गणितासाठीही त्याच रजिस्टरमध्ये दोन बिटांचा एफएस खण आहे. शून्य म्हणजे बंद, पहिल्याच फ्लोटवर इल्लीगल इन्स्ट्रक्शन. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ याच घराण्यातला.

तर्री_जास्त | गुरुवार, रात्री १०:३४

सोमवारी परीक्षक येऊन राहिले अन् हा भाऊ गुरुवारी घर बदलायले सांगते.

कूलरची_टाकी | गुरुवार, रात्री ११:००

फ्लोटवरून आठवलं. आमच्या कर्नलमध्ये एकही फ्लोट नव्हता तरी इनव्हॅलिड ऑपकोड यायचा. कंपायलरनं स्ट्रक्चर कॉपी करायला एसएसईची (एका दमात अनेक आकडे हाताळणाऱ्या सोयीची) रजिस्टरं वापरली होती. ६४-बिटमध्ये तो ती आहेतच असं धरून चालते. दोन उपाय: कर्नल एसएसईशिवाय कंपाइल करा, बहुतेक लोक तेच करतात. पण युझर प्रोग्रामला एसएसई द्यायचीच, तर सीआर० मधला ईएम काढा, एमपी लावा, सीआर४ मध्ये ९ आणि १० क्रमांकाचे बिट लावा.

एव्हीएक्स, म्हणजे एसएसईचा मोठा भाऊ, पाहिजे असेल तर पुढची पायरी: सीआर४ चा १८ वा बिट ओएसएक्ससेव्ह, मग एक्ससेटबीव्हीनं एक्ससीआर० भरायचं. तिथं शून्याचा बिट १ लागतेच, आणि एव्हीएक्सचा २ रा बिट लावताना एसएसईचा १ ला सोबत नसेल तर पुन्हा जनरल प्रोटेक्शन. अन् हे लावायच्या आधी विचार करा: लावलं म्हणजे प्रत्येक टास्क बदलताना ती सगळी रजिस्टरं तुम्हीच सांभाळायची. आमच्यात दोन प्रोग्राम एकमेकांची गणितं खराब करत होते, एकाचं उत्तर दुसऱ्याच्या रजिस्टरमध्ये.

माहेर_धंतोली | शुक्रवार, सकाळी ७:४०

टाकीवाल्या भाऊंनी चांगलं काढलं. यातली एक बारीक गोष्ट मला आवडते: सीआर४ चा तो १८ वा बिट लावला की सीपीयूआयडीच्या १ ल्या पानाच्या ईसीएक्समध्ये २७ वा बिट आपोआप १ होतो. म्हणजे सीपीयूआयडी नुसती प्रोसेसरची कुंडली नाही, कर्नलने काय कबूल केलंय त्याचीही पाटी आहे. युझर प्रोग्रामने एव्हीएक्स वापरण्याआधी ती पाटी आणि एक्ससीआर० दोन्ही बघायची असतात, नुसतं प्रोसेसरला एव्हीएक्स आहे एवढ्यावर जायचं नसतं.

ही पाटी चालू यंत्रातही बदलते, तेव्हा कधी वाचता तेही बघा. २०१४ मध्ये इंटेलने हॅसवेल प्रोसेसरांतली ट्रान्झॅक्शनल मेमरीची सोय दोष निघाल्यामुळे मायक्रोकोडमधून बंद केली. चालू यंत्रावर मायक्रोकोड चढवला तिथे आधी ‘आहे’ हे उत्तर घेऊन बसलेले प्रोग्राम कोसळले.

कोरीपाटी | शुक्रवार, रात्री ११:५५

एव्हीएक्स नको, पोट भरलं. दुसरी कोअर उठवून राहिलो. पहिल्या कोअरवरून तिला इनिटचा सिग्नल पाठवला, मग दोन स्टार्टअप. उठते. पण कर्नलचा ६४-बिट स्टॅक वापरायला घेताच रीसेट. पहिल्या कोअरवर तोच स्टॅक चालतो. लॅब सहाला बंद होते म्हणून फक्त क्यूईएमयूवर पाहिलं, तिथंही तेच. म्हणजे बायोसचा दोष नाही, आमचाच.

हिंगणा_टी_पॉइंट | शनिवार, सकाळी १०:१५

ट्रॅम्पोलिनच्या, म्हणजे दुसरी कोअर उठल्यावर पहिला चालणाऱ्या, कोडमध्ये ईफर लिहिताना लाँग मोडसोबत एनएक्सई लावला का? पैज लावतो, नाही.

सीआर०, सीआर४, ईफर, एक्ससीआर० हे सगळं ज्या त्या कोअरचं स्वतःचं असते. पहिलीवर लावलं म्हणजे दुसरीला कळत नाही, ती रीसेटमधून कोरी उठते. पेज टेबल मात्र दोघींचं एकच. तुमच्या स्टॅकच्या पानावर ६३ वा बिट आहे, दुसऱ्या कोअरला एनएक्सई माहीत नाही, तिच्या लेखी तो राखीव. ताईंनी मंगळवारी सांगितलेला पेज फॉल्ट हाच. तिची आयडीटीही कोरी, मग ट्रिपल.

आणि खऱ्या पीसीवर १ए० सुद्धा प्रत्येक कोअरवर जाऊन साफ करा, बायोसनं सगळ्यांवर तोच हात मारलेला असते.

पेठेतला | शनिवार, सकाळी ११:००

याला जोडून: पहिल्या कोअरने काय लावलं ते एका जागी लिहून ठेवा आणि बाकीच्यांनी तेच लावावं, स्वतंत्र निर्णय घेऊ नये. एका कोअरवर स्मेप आणि दुसरीवर नाही, तर हल्ला करणारा दुसरीवर जाईल. बाकीच्या कोअरनी आपापलं सीपीयूआयडी विचारून पडताळणी तेवढी करावी, आणि फरक दिसला तर ती कोअर उठवूच नये. सगळ्या कोअर सारख्याच असतात असं आता धरता येत नाही. २०२१ च्या बाराव्या पिढीत मोठ्या कोअरमध्ये एव्हीएक्स-५१२ होतं, छोट्यांत नव्हतं, शेवटी इंटेलने ते सगळीकडेच बंद केलं.

कोरीपाटी | शनिवार, रात्री ८:३०

भाऊ पैज जिंकले. तर्री पोहा माझ्याकडून. चारही थ्रेड उठले. पडद्यावर प्रत्येकाचा सीआर४ आणि ईफर छापून राहिलो, चारही ओळी सारख्या.

जाता जाता, सीआर४ च्या १६ व्या बिटाने एफएसजीएसबेस (एफएस आणि जीएस या रजिस्टरांचे पत्ते थेट लिहायची सोय) मिळते म्हणे, आय३ मध्ये आहे. लावून टाकू?

माहेर_धंतोली | शनिवार, रात्री ९:१०

नको! हा बिट दिसतो गरीब, पण लावला की युझर प्रोग्रामला जीएसचा पत्ता थेट लिहिता येतो. इंटरप्टच्या दारात ‘जीएसचा पत्ता ऋण आहे म्हणजे आपण आधीच कर्नलमध्ये आहोत’ असा अंदाज बांधणारा कोड असेल तर युझर तिथे कर्नलसारखा दिसणारा पत्ता ठेवून तुम्हाला फसवेल. प्रोसेसरमध्ये ही सोय २०१२ ला आली आणि लिनक्सने २०२० मध्ये ५.९ आवृत्तीत चालू केली. मधली आठ वर्षं आळस नव्हता, आत शिरायची दारं पुन्हा बांधायची होती. त्या काळात काही बाहेरची मॉड्यूलं परस्पर तो बिट लावायची, म्हणजे तेवढ्यापुरतं यंत्र सताड उघडं.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये स्लीप आहे का? जागं होताना काही बायोस तो ३४ वा बिट परत लावतात. लिनक्सलाही २०११ मध्ये त्यासाठी दुरुस्ती करावी लागली होती.

कोरीपाटी | शनिवार, रात्री ९:१८

१६ वा बिट सोडला. स्लीप नाही ताई. कर्नलही झोपत नाही, आम्हीही नाही.

कोरीपाटी | सोमवार, दुपारी ३:४०

झालं. परीक्षकांनी पहिल्या पंधरा मिनिटांत प्रोजेक्ट रिपोर्टचे समासच मोजले. मग म्हणाले, चालवून दाखवा, आणि सहातला नेमका तोच दृष्ट लागलेला पीसी निवडला. ‘बायोसने एनएक्स बंद ठेवले होते, उघडले’ ही ओळ आल्यावर थांबले आणि विचारलं, हे कशाला छापता? मी पेठेतले काकांचं उत्तर दिलं, स्वतःचं म्हणून. नंतर विचारलं, एनएक्स उघडलाच नाही तर पेज टेबलचं काय करता. ते कोडमध्ये दाखवलं.

त्या दोन पीसींची बायोस सेटिंग मुद्दाम तशीच ठेवली आहे, मागच्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून. पुढच्या बॅचमधल्या दोघांना कर्नलच करायचं आहे, त्यांना टेस्टिंगले लागतीन. हिंगणा भाऊ, पोहा कधी?

हिंगणा_टी_पॉइंट | सोमवार, संध्याकाळी ७:०५

रविवारी सकाळी. आठच्या आत, नंतर ऊन सहन होत नाही.